रिपोर्ट नॉर्मल, दुखणं चालू!

सोनोग्राफी क्लीन, लघवीची तपासणी क्लीन, रक्त क्लीन. मग कुशीत रोज कळ येते ती कसली? डॉक्टर म्हणतात काही नाही, शरीर म्हणतं आहे! या भांडणात अडकलेल्या एकाची ही गोष्ट... म्हणजे माझीच.

माझं दुखणं कधी सुरू झालं ते मला नेमकं सांगता येतं. सोमवारची सकाळ, कोथरूडहून हिंजवडी, नेहमीची बाइक, नेहमीचा उशीर. एका स्पीडब्रेकरवर गाडी आदळली आणि उजव्या कुशीत, बरगड्यांच्या खाली मागच्या बाजूला, काहीतरी टोचलं. दुपारपर्यंत ते कमरेपर्यंत उतरलं. म्हटलं, उसण भरली असेल. बाम चोळला, शेक घेतला. आठवडा गेला, महिना गेला, पण उसण काही निघेना.

आमच्या घराण्यात मुतखड्याची परंपरा आहे. बाबा आणि काका, दोघांनीही कुळथाचं कढण पिऊन खडे पाडल्याच्या कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. त्यामुळे माझं निदान मी स्वतःच करून टाकलं होतं. लिटरभर पाणी पिऊन, पाय आवळून सोनोग्राफीच्या रांगेत बसलो. रिपोर्ट आला : दोन्ही किडन्या नॉर्मल, खडा नाही.

मग हाडांचे डॉक्टर. मग एमआरआय. अर्धा तास त्या बोगद्यात खटखट ऐकली आणि शेवटी रिपोर्टात एक ओळ सापडली : कमरेच्या खालच्या मणक्यात ‘माइल्ड डिस्क बल्ज’. काय आनंद झाला म्हणून सांगू! शत्रू सापडला! पण डॉक्टरांनी तोही हिरावून घेतला. ‘‘हे वयाप्रमाणे आहे. आणि तुमची दुखरी जागा वर आहे, हा बल्ज खाली.’’

त्यांचं बरोबर होतं. २०१५ साली ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा तीन हजारांहून अधिक माणसांच्या स्कॅन्सचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि तिशीतल्या सुमारे ४० टक्के लोकांच्या मणक्यात असाच बल्ज होता. म्हणजे माझ्या वयाचे दहा ठणठणीत मित्र मशीनमध्ये घातले, तर चौघांचा रिपोर्ट माझ्यासारखाच येईल.

मला खडा हवा होता!

खरं सांगू? मला खडा हवा होता. खड्याला नाव असतं, आकार असतो, तो मिलिमीटरमध्ये मोजता येतो. आमच्या टीममधला एक जण पाय मोडून आला, तर सगळ्यांनी त्याच्या प्लास्टरवर सह्या केल्या. माझ्या कुशीवर कोण सही करणार? ‘‘रिपोर्ट नॉर्मल ना? मग टेन्शन घेऊ नकोस यार!’’ हे वाक्य मी लिफ्टमध्ये, कॅन्टीनमध्ये, अप्रेझलमध्येसुद्धा ऐकलं. आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली.

हळूहळू मलाच शंका येऊ लागली. मी नाटक करतोय का?

आणि भीतीही. राजगडचा ट्रेक रद्द केला. जिम बंद. वाकायचं नाही, वळायचं नाही, उचलायचं नाही. आमची लेक तेव्हा तीन वर्षांची होती. मी ऑफिसातून आलो की ती पळत येऊन अंगावर उडी मारायची. आता ती दारातच थांबून विचारायची, ‘‘बाबा, आज बाऊ आहे?’’ मी म्हणायचो, आहे. एका संध्याकाळी तिनं विचारलंच नाही. माझ्याकडे पाहिलं आणि सरळ आजोबांकडे गेली.

त्या रात्री दोन वाजेपर्यंत मी इंटरनेटवर होतो. स्वतःला तीन प्रकारचे कॅन्सर लावून झाले. बायको उठली.

‘‘रिपोर्ट नॉर्मल आहेत ना रे? झोप आता.’’

‘‘म्हणजे मी ढोंग करतोय?’’

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘तुला दुखतं हे मला रिपोर्टवरून कळत नाही. तू मोजे घालताना श्वास धरून ठेवतोस, त्यावरून कळतं. पण पुढे काय करायचं ते तर ठरवू या.’’

चार महिन्यांत मला एवढंच ऐकायचं होतं.

मांजर आणि कारचा अलार्म

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाले, ‘‘शर्ट काढ.’’ चार महिन्यांत माझ्या पाठीला हात लावणारे ते पहिलेच! बोटानं दाबत दाबत एका जागी आले आणि मी ओरडलो. कमरेतून वळायला लावलं, पुन्हा कळ. ‘‘हालचालीनं आणि दाबल्यानं वाढतंय. खड्याची कळ अशी नसते. ती लाटांसारखी येते, जांघेकडे जाते, माणूस कुठल्याही कुशीवर तळमळतो.’’

मग त्यांनी झोपेबद्दल विचारलं, खुर्चीबद्दल, होम लोनबद्दल, ऑफिसात चाललेल्या नोकरकपातीबद्दल. मी चिडलो. ‘‘म्हणजे हे मानसिक आहे?’’

‘‘दुखणं खरं आहे,’’ ते म्हणाले, ‘‘फक्त त्याचा फोटो निघत नाही.’’

स्नायू आखडणं, बरगडी आणि मणक्याचा सांधा कुरकुरणं, एखादी बारीक नस चिडणं, यातलं बरंचसं स्कॅनमध्ये दिसतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि अशा दुखण्यात सुमारे ९० टक्के वेळा एकच एक ठोस कारण सापडत नाही. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट म्हणतात. २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय आजार-वर्गीकरणात तर अशा जुनाट वेदनेला स्वतःचा वेगळा गट आहे. म्हणजे ‘काही नाही’ नव्हे, काहीतरी आहे!

डॉक्टरांनी सोसायटीच्या पार्किंगचं उदाहरण दिलं. चोर आला म्हणून कारचा अलार्म वाजला. चोर पळाला, पण अलार्म इतका हळवा झाला की बॉनेटवर मांजर चढलं तरी बोंबलतो. आवाज खराच, चोर मात्र नाही. अपुरी झोप, काळजी आणि ‘हलायचंच नाही’ हा हट्ट, या तिन्हींनी तो आणखी हळवा होतो.

पेनकिलरच्या गोळ्याही त्यांनी मोजल्या. मी मनानंच रोज एक घेत होतो. ‘‘या महिनोन्‌महिने घेतल्या तर पोट बिघडतं, किडनीवरही ताण येतो. किडनी ठीक आहे ना? मग तिला कशाला त्रास?’’

टार्गेट : तेरा किलो

फिजिओथेरपिस्टनं पहिल्याच दिवशी विचारलं, ‘‘बरं होऊन करायचंय काय?’’ मी म्हटलं, लेकीला उचलायचंय. ‘‘वजन किती तिचं?’’ तेरा किलो. ‘‘मग तेच टार्गेट.’’

सुरुवात दोन किलो तांदळाच्या पिशवीनं झाली. रोज दहा मिनिटं चालायचं, दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवायची. चांगल्या दिवशी जास्त नाही, वाईट दिवशी शून्य नाही. हा नियम सगळ्यात कठीण! कारण बरं वाटलं की मी सगळी कामं एकदम उरकायचो आणि दुसऱ्या दिवशी आडवा. दर चाळीस मिनिटांनी खुर्ची सोडायची. रात्री दहानंतर इंटरनेटवर आजार शोधायचे नाहीत. डायरीत ‘किती दुखलं’ लिहायचं नाही, ‘काय केलं’ ते लिहायचं.

पहिले दोन आठवडे जास्तच दुखलं. मुंबईच्या एका ट्रिपनंतर तर सगळं मुसळ केरात गेलं असं वाटलं. पुन्हा पाच किलोवर आलो. मग सात, दहा. पाचव्या महिन्यात वेताळ टेकडी चढलो, हळूहळू, पण माथ्यापर्यंत.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दारात गुडघ्यात वाकलो आणि हात पसरले. लेकीनं संशयानं विचारलं, ‘‘बाऊ गेला?’’

‘‘नाही, आहे. पण ये.’’

रात्री दुखलं का? दुखलं. आजही रिलीजच्या आठवड्यात कुशीत ते टोचणं येतं. पण आता मी घाबरून गूगल उघडत नाही. चपला घालतो आणि खाली चक्कर मारून येतो. लेक सोबत येते. परतताना मात्र तिचे पाय दुखतात, आणि तिचा रिपोर्ट कोणी मागत नाही!

हे मात्र अंगावर काढू नका

● ताप-थंडी, लघवीतून रक्त किंवा लघवी करताना जळजळ
● कारण नसताना वजन घटणं, किंवा आधी कॅन्सर होऊन गेलेला असणं
● पायातली ताकद कमी होणं, जांघेत बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं : तडक हॉस्पिटल गाठा
● पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं, किंवा पडून राहिल्यावरही रात्रभर न थांबणारं दुखणं
● एकाच बाजूला पट्ट्यात आग होणं आणि काही दिवसांनी पुरळ : नागीण असू शकते, लवकर दाखवा
● दुखण्याचं रूप बदललं, तर जुना नॉर्मल रिपोर्ट कवटाळून बसू नका. पुन्हा डॉक्टरांकडे जा