हॅकर, विंडोज आणि आमचे बाबा

आमच्या वसतिगृहात संगणकावरून दोन तट आहेत. लिनक्सचे अभिमानी विंडोजला ‘विंडोझ’ म्हणून हिणवतात. इंग्रजीत ‘डोझ’ म्हणजे डुलकी. विंडोज कोलमडली की दिसणाऱ्या पडद्याला ‘मृत्यूचा निळा पडदा’ हे नाव जगभर पडले. अ‍ॅपलची प्रणाली दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चढवली, की ते यंत्र ‘हॅकिंटॉश’ ठरते.

या शेवटच्या नावात ‘हॅक’चा जुना अर्थ शिल्लक आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतले, खेळण्यातल्या रेल्वेचा छंद असलेले विद्यार्थी चतुर युक्तीला ‘हॅक’ म्हणत. हॅकर म्हणजे कसबी माणूस; चोर हा अर्थ मागाहून चिकटला. आज हॅकर म्हटले की अंधाऱ्या खोलीत बसून कोणतेही कुलूप क्षणात उघडणारा जादूगार डोळ्यांपुढे येतो.

वस्तुतः जादू क्वचितच असते. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या घातक सॉफ्टवेअरने न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. मुळात ते युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीबरोबर, म्हणजे विश्वासाच्या दारातून, शिरले होते. पुढे ते चोरलेल्या पासवर्डांनी आणि विंडोजमधील एका उणिवेतून पसरले. त्या उणिवेवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती; अनेकांनी ती बसवलीच नव्हती. प्रणालीला नावे ठेवणे सोपे, मित्रहो. पण डुलकी कोणाला लागली होती?

हे मी शहाणपणा मिरवण्यासाठी लिहीत नाही. काटोलकडच्या आमच्या गावी गेल्या दिवाळीत बाबांना फोन आला : ‘बँकेतून साहेब बोलतोय, तुमचे खाते बंद होईल.’ चौथी शिकलेले बाबा उभे राहून बोलले आणि मोबाइलवर आलेले सहा आकडे त्यांनी सांगून टाकले. माझ्या फीचे अकरा हजार गेले. ‘फोन हॅक झाला,’ असे गाव म्हणाले. लाजेपोटी मीही तेच म्हणालो.

खरे तर कोणी काहीच फोडले नव्हते. साहेबाचा शब्द मोडू नये, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय हेच उघडे दार होते. मी हे समजावले, तेव्हा बाबा म्हणाले, “मंग चूक माहीच होय का?”

चूक त्यांची नव्हती. त्यांना फसवणाऱ्याची होती; आणि थोडी माझी. ‘विंडोझ’वर रात्र-रात्र वाद घालणाऱ्या मी, ते सहा आकडे कोणालाही सांगायचे नसतात आणि फसलोच तर लगेच १९३० वर फोन करायचा असतो, एवढे घरी सांगितले नव्हते.