अक्षरांच्या वाटेने यंत्रभाषा

तारखाते चालू होते, म्हणजे २०१३ च्या जुलैपर्यंत, भंडाऱ्याहून तारेने मजकूर धाडता येई. येथले पितळेचे भांडे काही धाडता येत नसे. फार तर त्याची मापे शब्दांत लिहून कळवावी आणि पलीकडच्या कारागिराने त्यांवरून दुसरे घडवावे. जुन्या सुवाह्य संगणकात यंत्रभाषेतील प्रोग्राम उतरवावयाचा तो ह्याच युक्तीने.

उदाहरणार्थ, टॅन्डी कंपनीने १९८३ साली विक्रीस आणलेला व जपानच्या क्योसेराने बनविलेला मॉडेल १०० घ्या. आकाराने जाड वहीएवढा, चार पेन्सिल-सेलांवर चालणारा. पडद्यावर ८ ओळी, ओळीत ४० अक्षरे. बातमीदार तो काखेत घालून फिरत व दूरध्वनीच्या तारेने बातमी कचेरीस पाठवीत. त्यात तबकडी नाही. सर्व काही स्मृतीत. सेल आणि आतली राखीव बॅटरी दोन्ही संपली की जमविलेले सारे नाहीसे. म्हणून असे यंत्र बाळगणारास प्रोग्राम पुनःपुन्हा भरावे लागतात.

अडचण अशी की, त्याचा तारेवरून ऐकणारा भाग मजकुराचाच जाणकार. यंत्रभाषेत ० ते २५५ पैकी कोणताही अंक येतो. पण मजकुरात २६ म्हणजे ‘लेख संपला’, आणि तारेवर १९ म्हणजे ‘थांबा’. प्रोग्राममधला निरुपद्रवी २६ आला की यंत्र पुढचे ऐकतच नाही!

उपाय इंटेल हेक्स पद्धतीचा. षोडशमान पद्धतीत प्रत्येक अंक दोन चिन्हांनी लिहावयाचा. २६ चे होते ‘१ए’, कारण १६ अधिक १०. तारेवरून जातो तो निव्वळ मजकूर. शिवाय प्रत्येक ओळीअखेर ताळा असतो, आणि माझ्यासारख्या जुन्या मास्तरास हीच गोष्ट सर्वांत भावली. ओळीची बेरीज ३०० झाली तर ताळा २१२. दोहोंचे ५१२, आणि २५६ ने भागून बाकी शून्य. बाकी उरली की ओळ बिघडली. ती पुन्हा मागवावी.

पण मजकूर मूळ प्रोग्रामच्या दुपटीहून मोठा होतो. ३२ किलोबाइटांच्या यंत्रात आपल्या वाट्यास ३०,००० बाइटही येत नाहीत. १०,००० बाइटांचा प्रोग्राम आणि त्याचा २०,००० हून अधिक चिन्हांचा मजकूर एकत्र मावावयाचे कसे? तेव्हा मजकूर साठवूच नये. बेसिकमधील लहानशा प्रोग्रामने तारेवरून एक ओळ वाचावी, ताळा पाहावा, अंक आधी राखून ठेवलेल्या जागी मांडावे, ओळ विसरून जावी. बेसिक मंदगती, ते मागे पडले तर यंत्र पलीकडे १९ धाडते, सावरले की १७. मघाचा शत्रू येथे कामास येतो.

शेवटी मांडलेले अंक फाइल म्हणून जतन करावे. मात्र आरंभीच सेल नवे घालून घ्यावेत.