सुगीच्या दिवसांत डोळ्यांची निगा

खळ्यावर मळणी सुरू झाली की धूळ, भुसा व कुसळे यांचा लोट उठतो. पाथ चालवून मळणी होत असे तेव्हाही तो उठे. मळणी यंत्राच्या तोंडाशी तो अधिक वेगाने येतो. अशा धुळीत दिवसभर राबूनही बहुतेकांचे डोळे शाबूत राहतात, याचे कारण निसर्गाने डोळ्याभोवती ठेवलेली राखण होय.

डोळ्याचा गोल हाडांच्या खोबणीत बसविलेला असल्यामुळे मोठ्या वस्तूचा मार बहुधा खोबणीच्या काठावर बसतो. भुवया कपाळावरचा घाम बाजूस वळवितात. पापणीच्या केसाला कण नुसता टेकला तरी पापणी मिटते. निमिष हे कालमान पापणीच्या या लवण्यावरूनच आले आहे.

यांत अश्रूंची व्यवस्था विशेष पाहण्यासारखी आहे. डोळ्याच्या वर, बाहेरच्या अंगास असलेल्या ग्रंथीतून अश्रू झरतात. पापणी मिनिटाला सुमारे 15 ते 20 वेळा लवते व ते पाणी डोळाभर सारवते. शेतात जसा पाट तसाच निचऱ्याचा चरही लागतो. अश्रूंचा चर नाकाकडच्या कोपऱ्यातून नाकात उतरतो, म्हणूनच रडताना नाक वाहते. पापण्यांच्या कडेच्या ग्रंथी या पाण्यावर तेलाचा पातळ थर देतात, त्यामुळे ते लवकर सुकत नाही. अश्रूंत जंतुनाशक द्रव्यही असते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1922 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्यास लायसोझाइम असे नाव दिले.

तथापि या राखणीला मर्यादा आहेत. बुबुळावरील पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याच्या वरच्या नाजूक आवरणावर उठलेला लहान ओरखडा बहुधा एकदोन दिवसांत भरून येतो. पण कुसळ रुतले, उसाचे पान कापून गेले किंवा डोळा चोळला, तर जखम खोल जाऊन तीत बुरशी शिरते. तूर व हरभऱ्यावर मर रोग आणणाऱ्या फ्युजेरियम बुरशीच्याच कुळातील काही जाती अशा जखमेत वाढतात. व्रण भरला तरी मागे पांढरा डाग राहतो. यालाच फूल पडणे म्हणतात. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळाविषयी म्हण काहीही सांगो, आपल्या डोळ्यातील कुसळ क्षुल्लक मानू नये.

कण गेल्यास डोळा चोळू नये. हात धुऊन स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. रुतलेला कण सुईने, जिभेने वा पदराच्या टोकाने काढू नये. पाल्याचा रस, मध किंवा दूध घालू नये. शेजाऱ्याकडील उरलेले औषध तर मुळीच वापरू नये. त्यात स्टेरॉइड असल्यास लाली तात्पुरती कमी होते, पण बुरशी आत फोफावते. कण रुतलेला असल्यास, बुबुळावर पांढरा ठिपका दिसल्यास, किंवा ठणका व पाणी दुसऱ्या दिवशीही न थांबल्यास नेत्रवैद्याकडे त्वरित जावे. यंत्रावर काम करणाऱ्याने बाजूंनी बंद असलेला चष्मा लावावा.

बोर्डो मिश्रणासाठी चुना कालविताना अधिक जपावे. चुना डोळ्यात उडताच वेदनेने पापणी घट्ट मिटते व तोच चुना आत धरून ठेवते. येथे राखणदारच घात करतो. अशा वेळी दुसऱ्याने पापण्या उघड्या धरून निदान अर्धा तास स्वच्छ पाण्याची धार सोडावी, पापणीखाली अडकलेले खडे धुऊन काढावेत व मगच रुग्णास दवाखान्यात न्यावे.