दिवा कुणीच मालवला नाही!

एकेकाळी तरुणांनी बॅगा भरून सोडलेलं शहर पुन्हा ‘हॅपनिंग’ कसं होतं? अमेरिकेतल्या डलूथची ही कूल (अगदी शब्दशः कूल!) स्टोरी...

ऑफिसला उशीर झाला की आपली कारणं ठरलेली. ट्रेन लेट होती, ट्रॅफिक होता, पाऊस होता. डलूथकरांकडे मात्र याहून भन्नाट कारण असतं, ‘मध्ये जहाज आलं!’ आणि ते चक्क खरंही असतं. तिथे रस्त्यावरचा अख्खा पूल लिफ्टसारखा सरळ वर उचलला जातो, खालून जहाज डौलात निघून जातं आणि तोवर दोन्ही बाजूंच्या गाड्या गपचूप उभ्या. या अडकण्याला तिथल्या बोलीत नावच पडलंय, ‘ब्रिज्ड’ होणं! जहाज भोंगा वाजवून सलाम करतं आणि पूलही भोंगा वाजवून उत्तर देतो. आहे ना फंडू?

डलूथ हे मिनेसोटा राज्यातलं, लेक सुपीरियरच्या पश्चिम टोकावरचं बंदर. ‘लेक’ म्हणजे आपलं संध्याकाळी फेरी मारायचं तळं नव्हे हं! क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहून थोडं जास्तच. क्षेत्रफळाच्या हिशेबात गोड्या पाण्याचं जगातलं सर्वांत मोठं सरोवर. अटलांटिक महासागर इथून सुमारे ३,७०० किलोमीटर लांब, पण १९५९ साली सेंट लॉरेन्स सीवे सुरू झाला आणि सागरी जहाजं थेट इथवर येऊ लागली. बंदराचा खरा पोशिंदा मात्र जवळच्या मेसाबी टेकड्यांमधला लोहखनिजाचा साठा. खनिज रेल्वेने येतं, जहाजात ओतलं जातं आणि खालच्या सरोवरांकाठच्या पोलाद कारखान्यांकडे रवाना होतं. यातली सर्वांत मोठी जहाजं हजार फुटांहून लांब. म्हणजे क्रिकेटच्या पंधरा खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवा!

आधी टिंगल, मग टाळं

या शहराच्या नशिबी टिंगल जुनीच. १८७१ मध्ये केंटकीच्या प्रॉक्टर नॉट या खासदाराने अमेरिकी संसदेत डलूथची अशी काही खिल्ली उडवली, की ते भाषणच गाजलं. पुढे लोहखनिजाने शहराला श्रीमंती दिली. १९६० मध्ये लोकसंख्या होती १,०६,८८४.

आणि मग उतरती कळा. १९७० च्या दशकात यूएस स्टीलचा इथला कारखाना टप्प्याटप्प्याने बंद होत गेला. नोकऱ्या गेल्या, पाठोपाठ तरुणही गेले. १९८० च्या दशकात हायवेवर एक बोर्ड झळकला. त्याचा मतलब असा, की डलूथ सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने कृपया दिवा मालवावा! १९९० च्या जनगणनेत आकडा ८५,४९३ वर आला होता. तीस वर्षांत लोकसंख्या पाचव्या हिश्श्याने घटली.

पाठ फिरवणं बंद!

मग चमत्कार झाला का? छे! शहराने एवढंच केलं, की ज्याच्याकडे पाठ फिरवली होती त्याच्याकडे तोंड केलं. इतकी वर्षं सरोवराचा काठ म्हणजे गोदामं आणि भंगार. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हायवे शहरातून पुढे नेताना जो दगड निघाला, तो किनाऱ्यावर टाकून ‘लेकवॉक’ तयार झाला. कॅनाल पार्कच्या गोदामांमध्ये हॉटेलं आणि कॅफे आले. १९७७ मध्ये जेमतेम दीडशे जणांनी सुरू केलेली मॅरेथॉन आता दर जूनमध्ये हजारो लोकांना पळवते. नाव? ‘ग्रँडमाज मॅरेथॉन’! आजीबाई पळतात म्हणून नव्हे, स्पॉन्सर रेस्टॉरंटचं नाव ते.

१९९४ मध्ये सिरस ही विमान कंपनी आली. अख्खं विमान अलगद खाली उतरवणारं पॅराशूट ही तिच्या छोट्या विमानांची खासियत. हॉस्पिटलं आणि युनिव्हर्सिटीने नोकऱ्या दिल्या. लिंकन पार्कच्या जुन्या कामगार वस्तीत ब्रुअरी आणि क्राफ्टची दुकानं थाटली गेली. म्युझिकचं तर विचारूच नका. बॉब डिलनचा जन्म इथलाच, १९४१ चा. ‘लो’ हा बँड १९९३ मध्ये इथेच सुरू झाला.

शहराने आपल्या लाजिरवाण्या दिवसाकडेही पाठ फिरवणं थांबवलं. १५ जून १९२० रोजी हजारोंच्या जमावाने सर्कशीत काम करणाऱ्या तीन कृष्णवर्णीय तरुणांना खोट्या आरोपावरून भरचौकात फासावर लटकवलं. एलायस क्लेटन, एल्मर जॅक्सन आणि आयझॅक मॅकगी. कित्येक दशकं गावात कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. २००३ मध्ये त्याच चौकात त्यांचं स्मारक उभं राहिलं.

थंडीला आले सोन्याचे दिवस

२०१४ मध्ये ‘आउटसाइड’ मासिकाच्या वाचकांनी डलूथला ‘बेस्ट टाउन’ ठरवलं. २०१९ मध्ये जेसी कीनन या अभ्यासकाने तर ‘क्लायमेट-प्रूफ डलूथ’ अशी टॅगलाइनच सुचवली. गार हवा, मुबलक गोडं पाणी... तापत्या जगात आणखी काय हवं? ज्या थंडीपायी लोक नाकं मुरडायचे, तीच आता यूएसपी!

पण इथेच खरी गोम आहे. एक तर ‘प्रूफ’ वगैरे काही नसतं. २०१२ मध्ये इथे महापूर आला. २०१७ आणि २०१८ च्या वादळी लाटांनी तोच लेकवॉक ठिकठिकाणी उखडला. कॅनडातल्या वणव्यांचा धूर २०२३ च्या उन्हाळ्यात इथवर पोचला. दुसरं म्हणजे, लोकांचे लोंढे काही आलेले नाहीत. २०२० ची लोकसंख्या होती ८६,६९७, म्हणजे १९९० च्या आसपासच. तरीही घरांची चिंता आहेच. पुलापलीकडच्या पार्क पॉइंट या चिंचोळ्या वाळूपट्टीवर एका गडगंज खरेदीदाराने २०२३-२४ मध्ये एकामागून एक घरं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा गावात चांगलीच खळबळ उडाली.

शहर ‘हॉट’ झालं की सगळ्यांनाच हवंसं वाटतं. पण सगळे सोडून जात असताना जे थांबले, ज्यांनी दिवा चालू ठेवला, त्यांना उद्या तिथलं घर परवडेल ना? डलूथपुढचा आजचा सवाल हा आहे.

प्लॅन करताय?
• जहाजं बघायची तर जानेवारीचा मध्य ते २५ मार्च टाळा. तेव्हा सू लॉक्स बंद असतात.
• पळायचं असेल तर जून बेस्ट.
• हिवाळ्यात रात्री पारा उणे १५ च्या खाली जाणं नेहमीचंच. स्वेटर एक नको, चार घ्या!