बहिऱ्या मोडेमची गोष्ट

दूरध्वनीच्या तारेवरून संगणकाचे निरोप नेणारें मोडेम नांवाचें यंत्र आतां घराघरांतून नाहींसें झालें आहे. १९९८ सालीं मात्र आमच्या बारामतीच्या घरीं तें फोनाशेजारीं मोठ्या मानानें बसलें होतें. धाकट्या बंधूंचे चिरंजीव अमेरिकेंत शिकावयास गेलेले. मातोश्री अंथरुणास खिळलेल्या. आणि नातवाचें पत्र यावयास दोन-दोन आठवडे लागत.

विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट जनतेस खुलें केलें होतें. परंतु आम्हांस त्यासाठीं पुण्याचा क्रमांक फिरवावा लागे. म्हणून रात्रीं अकरानंतर, एसटीडीचा दर उतरला कीं, सारें कुटुंब संगणकाभोंवतीं जमे.

तीन रात्री यंत्रानें एकच उत्तर दिलें: 'डायल टोन नाहीं.' रिसीव्हर कानास लावावा, तों गुणगुण स्पष्ट ऐकूं येई! घरच्या मंडळींनीं यंत्र बहिरें ठरविलें. चौथ्या दिवशीं इंदापूरहून भाचा एसटीनें आला. तो म्हणाला, "मामा, बहिरें नाहीं हो, परदेशी आहे तें."

गोष्ट खरी होती. अमेरिकेंतील डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झच्या दोन स्वरांचा मिळून होतो. आपला ४०० च्या आसपासचा, कंप पावणारा. ओळखीचा स्वर ऐकूं येईना, म्हणून यंत्र क्रमांकच फिरवीना.

यावर उपाय म्हणजे आरंभीं द्यावयाची आज्ञांची ओळ. हेज कंपनीनें १९८१ सालीं काढलेल्या स्मार्टमोडेमपासून ही भाषा रूढ झाली. 'एटी' म्हणजे लक्ष दे. त्यापुढें 'झेड' लिहिलें कीं यंत्र जतन केलेल्या मांडणीवर परत येतें. 'एक्स३' म्हणजे स्वराची वाट न पाहतां क्रमांक फिरव. 'एस७' पुढील आंकडा पलीकडील उत्तरासाठीं किती सेकंद थांबावें तें सांगतो. स्वल्पविरामाचेंही काम मोठें: बहुधा दोन सेकंदांची विश्रांति. भाच्याच्या इंदापूरच्या कचेरींत बाहेरची लाइन घेण्यास आधीं शून्य लागे. तेथें तो शून्यापुढें स्वल्पविराम देई. व्याकरणाचा एवढा उपयोग आम्हां शाळामास्तरांस ठाऊक नव्हता!

मांडणीच्या पानावरील रिकाम्या चौकोनांत भाच्यानें 'एटीएक्स३' टंकिलें. यंत्रानें क्रमांक फिरविला, कर्कश किंचाळलें, आणि पत्र उतरलें. तें मातोश्रींस वाचून दाखविलें. त्यांनीं तें दोनदां वाचावयास लाविलें.

'एम०' लिहिल्यास किंचाळणें बंद होतें, असें भाचा सांगत होता. मातोश्रींनीं तें कांहीं लिहूं दिलें नाहीं. आंतल्या खोलींतून त्यांस तेवढेंच ऐकूं येई.