अडकलेला बोल्ट, दुखावलेला डोळा

वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ या हळदीच्या पट्ट्यात पावसाळ्यात मोटारसायकल हे शेतीचेच एक अवजार असते. पोटॅशची गोणी मागे बांधायची, काळ्या चिखलातून शेत गाठायचे आणि संध्याकाळी गाडी तशीच गोठ्याशेजारी उभी करायची. गोणीतून सांडलेली भुकटी आणि चिखल इंजिनाच्या झाकणावर साचत राहतो. वर्ष-दोन वर्षांनी क्लचप्लेटा बदलायला गाडी गॅरेजात येते तेव्हा त्या झाकणाचा एखादा बोल्ट जागचा हलत नाही. मिस्त्री पान्याला पाइप अडकवून जोर देतो. कट्‌ असा आवाज येतो, पण सुटलेले काहीच नसते. बोल्टचे डोके तुटलेले असते. मग हातोडा आणि छिन्नी बाहेर निघते, आणि डॉक्टरांच्या दृष्टीने खरा धोका इथून सुरू होतो.

बोल्ट पोलादाचा असतो आणि केसिंग ॲल्युमिनियमचे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारट ओल, म्हणजे एक छोटीशी बॅटरीच. हे कोडे पहिल्यांदा एका वैद्याच्या टेबलावर आले होते. इटलीतील बोलोन्या येथील शरीरशास्त्रज्ञ लुइजी गाल्व्हानी यांनी १७९१ मध्ये प्रसिद्ध केले, की पितळी आकड्याला अडकवलेला बेडकाचा पाय लोखंडाला लागला की आखडतो. त्यांना ती प्राण्यातली वीज वाटली. व्होल्टा यांनी ती दोन धातूंमधील फरकाची वीज असल्याचे दाखवले आणि १८०० मध्ये त्यातूनच पहिली बॅटरी जगापुढे आली. दातात चांदी भरलेल्या माणसाने चुकून चॉकलेटची चांदी चावली, तर येणारी झिणझिणी हीच.

या बॅटरीत झिजतो तो ॲल्युमिनियम. एरवी त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर असतो आणि तो त्याला सांभाळतो. पण क्लोराइड हा थर फोडते. समुद्रकाठच्या गाड्या त्यामुळे लवकर खराब होतात. हिंगोलीला समुद्र नाही, पण शेतात जाणारे पोटॅश बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइडच असते. झिजलेल्या ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते आणि ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. आट्यांच्या फटीत तिला जायला जागा नसल्याने ती बोल्टला चहूबाजूंनी आवळते. बोल्ट ‘गंजला’ असे म्हणतात खरे, पण पुष्कळदा बोल्ट बरा असतो, त्याच्याभोवतीचे घर सुजलेले असते.

म्हणून नुसत्या जोराने काम होत नाही. भुकटी आधी भेगाळली पाहिजे. गंज सोडवणारे पातळ तेल आट्यांच्या तोंडाशी टाकून रात्रभर मुरू द्यावे. सकाळी बोल्टच्या डोक्यावर सरळ, हलके ठोके द्यावेत. मग आधी किंचित आवळून पाहावे, नंतर सोडवावे, पुन्हा आवळावे. घाईच्या गिऱ्हाइकाला हे पटत नाही.

तेलाने भागले नाही तर उष्णता. तापवल्यावर भोक आकसेल असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते मोठे होते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात ती याच नियमाने. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. आठ मिलिमीटरचा बोल्ट आणि केसिंग दोन्ही शंभर अंशांनी तापले, तर भोक बोल्टपेक्षा सुमारे नऊ मायक्रॉन जास्त रुंदावते. केसाच्या जाडीचा हा आठवा-नववा हिस्सा, पण भुकटीला तडे जायला बऱ्याचदा पुरतो. तापवणे आणि थंड होऊ देणे दोन-तीनदा करावे. इथे एक सापळा आहे. लोखंड तापले की लाल होऊन इशारा देते. ॲल्युमिनियम रंग न बदलताच ६६० अंशांना वितळते. शिवाय वर पेट्रोलची टाकी असते. टाकी उतरवल्याशिवाय ज्योत जवळ नेऊ नये.

डोके तुटलेच, तर उरलेल्या खुंटावर नट ठेवून तो वेल्डिंगने जोडतात. त्या उष्णतेनेही बोल्ट सुटतो. नाहीतर खुंटाच्या बरोबर मध्यावर ड्रिलने भोक पाडून त्यात उलट्या आट्यांचा निमुळता ‘इझी आउट’ फिरवतात. हाडांच्या शस्त्रक्रियेतही नेमके हेच हत्यार लागते. टायटॅनियमच्या प्लेटमध्ये घट्ट बसलेला स्क्रू काही वर्षांनी काढताना निघत नाही, त्याची खाच गुळगुळीत होते, तेव्हा सर्जनही उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर वापरतात.

हा इझी आउटच आत तुटला, तर त्याच्या कडकपणापुढे साधे ड्रिल चालत नाही. मग उपयोगी पडते ती किराणा दुकानातली तुरटी. घड्याळजींना हे जुने माहीत आहे. तुरटीच्या गरम, दाट द्रावणात केसिंग बुडवून ठेवले तर साधे पोलाद हळूहळू विरघळते आणि ॲल्युमिनियम जवळजवळ तसेच राहते. याला तासन्‌तास, कधी दिवसही लागतात. केसिंग गाडीवरून पूर्ण उतरवलेले आणि बेअरिंगसारखे पोलादी भाग आधी काढलेले हवेत. स्टेनलेस स्टीलवर हा उपाय चालत नाही. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून भांडे उघड्या हवेत आणि विस्तवापासून दूर ठेवावे. तुरटीऐवजी संडास साफ करायचे ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा वापरला, तर बोल्ट राहील आणि केसिंग जाईल. कॉस्टिकचा थेंब डोळ्यात उडाल्यास नळाखाली निदान अर्धा तास डोळा धुवायचा, मग दवाखाना.

आता त्या हातोडा-छिन्नीकडे. कडक पोलादावर पोलाद आपटले की टाचणीच्या टोकाएवढी कपची बंदुकीच्या छऱ्यासारखी उडते. ती मिस्त्रीलाच लागेल असे नाही. शेजारी टॉर्च धरून वाकलेल्या पोराचा चेहराही तेवढाच जवळ असतो. ग्राइंडरचा कण बहुधा बुबुळावर रुततो, डोळा खुपतो, पाणी येते, त्यामुळे माणूस दवाखान्यात जातो. तो कण काडीने किंवा रुमालाच्या टोकाने काढू नये. काही तासांतच त्याभोवती गंजाचे कडे पडू लागते आणि तेही काढावे लागते.

हातोड्याची कपची याहून फसवी. ती डोळ्याच्या आत जाते, बाहेर बारीकशी जखम ठेवते आणि दुखतही नाही. नजर जरा धुरकट झाली म्हणून थेंब आणून काम चालू राहते. कपचीबरोबर माती गेली असेल, तर तिच्यातल्या जंतूंनी एक-दोन दिवसांत डोळा निकामी होऊ शकतो. जंतू गेले नाहीत, तरी लोखंड आत झिरपत राहते आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी पडदा मरू लागतो. बर्लिनचे डॉ. हिर्शबर्ग यांनी १८७९ मध्ये अशा कपच्या काढायला विद्युतचुंबक वापरला. आज बहुतेकदा पडद्याची शस्त्रक्रिया करून त्या काढतात.

हातोडा मारताना डोळ्याला काही लागल्यासारखे वाटले, त्यानंतर बाहुली वेडीवाकडी दिसली किंवा नजर कमी झाली, तर डोळा चोळू नये, दाबून पट्टी बांधू नये, मलम घालू नये. डोळ्याला स्पर्श होणार नाही असा कागदी पेल्याचा तळ वर चिकटवावा आणि त्याच दिवशी निघावे. ‘हातोडा मारत होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावे, कारण त्यावरूनच एक्स-रे किंवा सीटी स्कॅन ठरतो. एमआरआय मात्र करू नये, त्या चुंबकाने कपची आतल्या आत सरकते. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. तालुक्याहून पुढे नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागले, तरी सकाळची वाट पाहू नये.

नवा बोल्ट बसवताना आट्यांना ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि शक्यतो जस्ताचा मुलामा असलेलाच बोल्ट घ्यावा. हौसेने लावलेले चकचकीत स्टेनलेस बोल्ट ॲल्युमिनियमला जास्त छळतात. बाजूंनी झाकलेला, पॉलिकार्बोनेटचा सुरक्षा चष्मा हार्डवेअरच्या दुकानात एका बोल्ट-सेटच्या आसपासच्या पैशांत मिळतो. गॅरेजात तो दोन हवेत, एक मिस्त्रीला आणि एक टॉर्च धरणाऱ्याला.