कादंबरी अडते कुठे?

नोकरीतून सुटका झाली, महिनाभर निवांत वेळ मिळाला, की कादंबरी हातावेगळी करू, असं म्हणणारे प्रत्येक तालुक्यात भेटतात. पहिली पन्नास पानं त्यांनी लिहिलेलीही असतात. नगर जिल्ह्यात जे मोठे ग्रंथ लिहिले गेले, त्यांची हकिगत मात्र या समजुतीला फारशी साथ देत नाही.

निवांत वेळेचंच घ्या. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेसच्या बड्या नेत्यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत ठेवलं. जवाहरलाल नेहरूंना तिथे ना सभा, ना दौरे. वेळच वेळ. तरी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या लेखनाला हात लागला तो एप्रिल 1944 मध्ये, तब्बल वीस महिन्यांनी. तोवर ते बागकाम करत होते. जमीन वाईट, दगडगोट्यांची, जुन्या बांधकामाच्या राडारोड्याने भरलेली. भर उन्हात ती खणून त्यांनी फुलांचे वाफे केले. मग सप्टेंबरपर्यंतच्या पाच महिन्यांत हाताने लिहिलेली सुमारे हजार पानं झाली. अडलं तिथे मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव, असफ अली या सोबत्यांना विचारता येत होतं. ही कादंबरी नव्हे, हे मान्य. पण हजार पानांचा पल्ला गाठायचा तर दमसास तोच लागतो. आणि नुसती सवड मिळाली म्हणून पुस्तक सुरू होत नाही, हे सांगायला तुरुंगाइतका चोख दाखला दुसरा नसेल.

त्याच किल्ल्यात मौलाना आझादांची तऱ्हा वेगळी होती. पहाटे तीन-चारला उठायचं, दूध न घालता चमेलीच्या वासाचा चिनी चहा स्वतः करायचा आणि घोटाघोटाने पीत मित्राला पत्रं लिहायला बसायचं. ही पत्रं तुरुंगातून बाहेर पाठवताच येत नव्हती. तरी ती लिहिली गेली आणि 1946 मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने पुस्तकरूपात आली.

नोकरी आड येते, ही दुसरी लाडकी तक्रार. रंगनाथ पठारे संगमनेरच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होते. तास, परीक्षा, पेपर तपासणी यातलं त्यांना काही चुकलं नव्हतं. 1982 मध्ये ‘दिवे गेलेले दिवस’, 1994 मध्ये ‘ताम्रपट’, 1999 मध्ये त्याच ‘ताम्रपट’ला साहित्य अकादमी पुरस्कार. सुमारे आठशे पानांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ 2019 मध्ये आली, तीही श्रीरामपूरच्या शब्दालय प्रकाशनाकडून. पुण्या-मुंबईत बिऱ्हाड केल्याशिवाय लेखक होता येत नाही, हा गैरसमजही इथेच निकालात निघतो.

आता मूडबद्दल. मूड नसताना लिहिलेलं कोरडं होतं, असं बहुतेकांना मनापासून वाटतं. अमेरिकेतल्या रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाने 1983 मध्ये सत्तावीस प्राध्यापकांवर हे तपासून पाहिलं. काहींना मनात येईल तेव्हाच लिहायला सांगितलं. काहींना रोज ठरावीक लेखन सक्तीचं केलं, आणि सक्तीही कशी? चुकलात तर तुमचे पैसे तुम्हाला न आवडणाऱ्या संस्थेला देणगी म्हणून जाणार! सक्तीच्या गटाची पानं मूडवाल्यांच्या तिपटीहून जास्त भरली आणि नव्या कल्पनाही त्यांनाच अधिक सुचल्या. प्रयोग लहान आहे, पण ‘मूड’चा बहाणा त्याने बराच पातळ केला.

मग झपाट्यात लिहिलेल्या ‘कोसला’ कादंबरीचं काय? भालचंद्र नेमाड्यांनी ती 1963 मध्ये पंधरा-सोळा दिवसांत लिहिली, हे खरं आहे. पण पुण्यातल्या कॉलेजची वर्षं आणि मुंबईतला काळ गाठीशी बांधून ते गावी परतले होते. साठवण आधीची, उतरवणं तेवढं पंधरवड्यातलं. त्याच नेमाड्यांची ‘झूल’ 1979 ची आणि त्यानंतरची कादंबरी ‘हिंदू’ थेट 2010 ची, हे ‘कोसला’चा दाखला देणारे सोयीस्कर विसरतात.

‘एकवीस दिवस सलग लिहा, सवय लागते’ हेही असंच ऐकीव. लंडनमध्ये 96 जणांवर झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18, कुणाला 254 असा हिशेब निघाला. तो होता फळं खाणं, व्यायाम अशा सवयींचा. कादंबरी त्याहून अवघड प्रकरण. दिलासा एवढाच की, एखादा दिवस चुकल्याने घडी मोडत नाही, असंही त्यात दिसलं. तेव्हा रविवारी पाहुणे आले म्हणून लेखन बुडालं, तर सोमवारी वही उघडावी, हळहळत बसू नये.

खंड मोठा पडला तरी? रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभलं आणि दहा-अकरा अध्याय होतात तोच 1919 मध्ये ते गेले. पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतलं. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख लग्नानंतर झाली. टिळकांमागे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली आणि ‘ख्रिस्तायन’चे चौसष्ट अध्यायही रचले. 1936 मध्ये त्या वारल्या तेव्हा थोडं उरलं होतं. ते मुलगा देवदत्त यांनी पुरं केलं.